सोल्डरिंगचे बिट निवडताना: आधी पॅड मोजा, मग दुकानात जा

चवथीला पंधरा दिवस उरले की फोंड्यातल्या माझ्या टेबलावर रोषणाईचे बोर्ड, भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर आणि पावसाळी विजांनी मारलेले इन्व्हर्टर यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर आधी कुणीतरी घरी हात चालवलेला असतो. खुणा ठरलेल्या: पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, जिथे भाग जोडतात) उखडलेले, डाग (सोल्डरची जोडणी) राखाडी होऊन गोळ्यासारखा बसलेला, शेजारचे प्लास्टिक वितळलेले. विचारले की उत्तरही ठरलेले असते. "बारीक काम म्हणून बारीक टोक घेतलं. सोल्डर धरेना, म्हणून तापमान वाढवलं."

ही चूक हाताची नसते, क्रमाची असते. लोक आधी बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचे तापणारे टोक, घेतात आणि मग त्याला काम शोधतात. आधी काम पाहायचे, मग पॅडची रुंदी, मग आपल्या आयर्नची जात, मग बिटाचा आकार, मग त्याची रुंदी. दुकान सर्वांत शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिले आहे. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिला गाळला तर पुढचे सगळे अंदाजपंचे होते.

## सुरुवातीला हाताशी काय हवे

वर्नियर, नसेल तर मिलिमीटरच्या स्पष्ट रेघा असलेली स्टीलची पट्टी. एक लहान चुंबक. मल्टिमीटर. भंगारातला एखादा बोर्ड, जुन्या सेट-टॉप बॉक्सचा मिळाला तर उत्तम, कारण त्यात जाड पिना आणि बारीक चिप दोन्ही असतात. पितळी तारेची जाळी. आणि रोझिन (राळेचा फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर धरवणारा पदार्थ) पोटात असलेले सोल्डर, ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाडीचे.

सोल्डर ६३/३७ घ्या. त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते. ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि तिथेच एकदम गोठते. ६०/४० मध्ये घट्ट आणि पातळ यांच्यामध्ये काही अंशांची चिखलासारखी अवस्था येते. तेवढ्यात हात हलला की डाग खराब. बिटाची परीक्षा करायची तर सोल्डरवर शंका राहता कामा नये. रिळावर प्रमाणाचा आकडाच छापलेला नसेल तर ते रीळ घेऊ नका.

सावध: नळकामाची आम्लयुक्त फ्लक्स पेस्ट टेबलावर ठेवूसुद्धा नका. ती बिटावरचा लोखंडाचा थरही खाते आणि बोर्डावरचे तांबेही.

## टप्पा १: काम लिहून काढा, पॅड मोजा

पुढच्या तीन-चार महिन्यांत तुम्ही खरोखर काय काय जोडणार आहात ते कागदावर लिहा. "इलेक्ट्रॉनिक्स" असे मोघम लिहू नका. असे लिहा: एलईडी पट्टीला वायर, माइकच्या केबलला पिन, पंख्याच्या रेग्युलेटरचा बोर्ड, मोबाइल चार्जरचा सॉकेट.

मग प्रत्येक कामातले पॅड मोजा. पॅड लांबट असेल तर अरुंद बाजू धरा. साधारण हे आकडे दिसतील. पिनवाल्या जुन्या पद्धतीच्या आयसीत दोन पिनांमधले अंतर २.५४ मिलिमीटर आणि पॅड दीड ते दोन मिलिमीटरचे. ०८०५ मापाचा पृष्ठभागावर बसणारा रेझिस्टर २ मिलिमीटर लांब आणि १.२५ मिलिमीटर रुंद. ०६०३ चा १.६ बाय ०.८. आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये पायांचे अंतर १.२७ मिलिमीटर. माइकच्या एक्सएलआर पिनचा कप (वायर आत बसते ती वाटी) बाहेरून तीनेक मिलिमीटर.

रुंदीइतकेच महत्त्वाचे दुसरे टिपण: ते पॅड कशाला जोडलेले आहे? एकट्या बारीक पट्टीला जोडलेले पॅड पटकन तापते. तेच पॅड बोर्डभर पसरलेल्या अर्थच्या तांब्याला जोडलेले असेल, तर तुम्ही दिलेली उष्णता ते तांबे ओढून नेते. अशा पॅडसमोर "जड" असे लिहा. एलईडी बल्बमधली अॅल्युमिनियमची गोल पाटी ही जडातली जड. ती बनवलेलीच असते उष्णता पळवण्यासाठी. तिथे रुंद बिटसुद्धा एकट्याने पुरे पडत नाही, खालून हॉट प्लेटने शेक द्यावा लागतो.

तपासणी: कागदावर प्रत्येक कामासमोर एक आकडा आणि "हलके" किंवा "जड" यातला एक शब्द असला पाहिजे. तो नसेल तर पुढे जाऊ नका.

मालीमच्या जेटीवरून ट्रॉलरच्या वायरिंगची कामे येतात म्हणून एक वेगळे सांगतो. खाऱ्या हवेत तांबे आतपर्यंत हिरवे-काळे पडते आणि अशा वायरीला जगातले कोणतेही बिट सोल्डर धरवणार नाही. लखलखीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापा. तशीही बोटीत इंजिनाची थरथर सतत असते. सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठर होते आणि नेमकी तिथेच तुटते. बोटीवर नीट दाबलेले क्रिंप (वायरीवर दाबून बसवायची धातूची नळी) बरे.

## टप्पा २: तुमचा आयर्न कोणत्या जातीचा आहे

बाजारात तीन जाती दिसतात, आणि एकीचे बिट दुसरीला बसत नाही.

पहिली जात थेट प्लगला लागणारी साधी पेन्सिल, बहुधा २५ वॉटची. बिटाचा दांडा नळीत सरकतो आणि स्क्रूने आवळला जातो. इथे दांड्याचा व्यास मोजा. दांडा सैल असेल तर मधल्या हवेमुळे उष्णता पुढे येत नाही.

या जातीचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवा. तिच्यात तापमानाचे नियंत्रण नसते, आणि तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. संध्याकाळी गावात लाइट मंद होऊन २३० चे १९० व्होल्ट झाले, तर २५ वॉटचा आयर्न १७ वॉटचा होतो. दिवसा छान चालणारे बिट रात्री सोल्डर वितळवत नाही, याचे कारण बहुतेकदा हे असते. जड कामे सकाळी उरका.

दुसरी जात ९३६ धाटणीच्या (हाक्को या जपानी कंपनीच्या मॉडेलच्या नमुन्याच्या) स्टेशनची. आत सिरॅमिकचा तापक, त्यावर टोपीसारखे पोकळ बिट, वरून नळी आणि नट. याला "९००एम" मालिकेची बिटे लागतात.

तिसरी "टी१२" धाटणीची काडतुसे. यात तापक, तापमानाचा संवेदक आणि टोक एकाच नळीत असतात. संवेदक टोकाच्या अगदी मागे असल्यामुळे उष्णता गेली की लगेच भरून निघते. एकेक काडतूस महाग पडते, पण रोज काम करणाऱ्याने इकडेच वळावे असे माझे मत आहे.

सावध: बिट नेहमी थंड आयर्नवरच बदला. गरम असताना पक्कडीने ओढले तर सिरॅमिकचा तापक तडकतो.

## टप्पा ३: आकार निवडा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

बिटाच्या पोटात तांबे असते, कारण तांबे उष्णता वाहून नेते. वर लोखंडाचा पातळ थर असतो, कारण वितळलेले कथील तांब्याला विरघळवून खाते. लोखंड तांब्याच्या जेमतेम एक पंचमांश उष्णता वाहते, पण टिकते. आता सुईसारखे टोक डोळ्यांसमोर आणा. मागे जाड तांबे, पुढे ते निमुळते होत होत जवळजवळ संपते, आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला जास्त करून लोखंडच उरते. शिवाय सुई पॅडला एका बिंदूत टेकते. मागे संवेदक ३५० दाखवतो आणि पॅडला टेकताच टोक कितीतरी खाली आलेले असते. तुम्ही तापमान ४३० करता. दोन डागांच्या मधल्या वेळात टोक जळते, फ्लक्सचा कोळसा होतो, आणि पुढच्या पॅडला टेकल्यावर उष्णता पुन्हा अपुरीच. उष्णता स्पर्शाच्या जागेतून जाते. जागा नसेल तर आकडा वाढवून काही होत नाही.

चपटे, छिन्नीसारखे (डी): पहिले बिट हेच घ्या. सपाट बाजू पॅडवर आणि पिनेवर एकाच वेळी टेकते, कड वापरली तर बारीक काम होते, कोपरा वापरला तर आणखी बारीक. एकाच बिटात तीन मापे.

तिरके कापलेले (सी किंवा बीसी): गोल दांडा तिरका कापल्यासारखे, अंडाकृती तोंडाचे. त्या तोंडावर सोल्डरचा थेंब धरून ठेवता येतो. वायरींना कल्हई (सोल्डरचा पातळ थर) चढवणे, माइकच्या पिनचे कप भरणे, चिपच्या पायांच्या ओळीवरून थेंब ओढत नेणे, ही याची कामे. नावात "सीएफ" असेल तर फक्त तिरक्या तोंडावर सोल्डर धरते, बाजूंवर धरत नाही. चिपच्या पायांसाठी ते चांगले, बाकी कामांत अडचणीचे.

सुरीसारखे (के): लांब धार. पायांमधले चिकटलेले सोल्डर काढायला आणि दोन टोकांचा भाग एकदम तापवून उचलायला उपयोगी. हात बसायला वेळ लागतो. नवख्याने याने सुरुवात केली तर शेजारचे प्लास्टिक जाळतो.

शंकूसारखे (बी आणि आय): दाटीवाटीत, दोन उंच भागांच्या मधून खाली पोहोचायला. एवढेच. पेटीत सोबत आलेले बिट बहुधा हेच असते आणि लोक वर्षानुवर्षे त्याच्यावरच झगडत राहतात.

शिकायला येणारी मुले भिंग लावून करायच्या कामालाही सुई मागतात. मी त्यांना २.४ मिलिमीटरच्या चपट्या बिटाचा नुसता कोपरा वापरून ०६०३ चा रेझिस्टर बसवायला लावतो. एकदा बसला की सुईची मागणी आपोआप थांबते.

## टप्पा ४: रुंदी ठरवा

आता पहिल्या टप्प्याचा कागद काढा. नियम सोपा आहे: बिटाची रुंदी पॅडच्या रुंदीएवढी, किंवा किंचित कमी. पॅडसमोर "जड" लिहिले असेल तर शेजारच्या भागाला न लागता जेवढे रुंद मावेल तेवढे.

हलक्या पिना आणि ०८०५ सारखे भाग यांना १.६ मिलिमीटर. रोजच्या सर्व कामांना २.४. वायरी, एलईडी पट्टी, अर्थला जोडलेल्या पिना, इन्व्हर्टरच्या मॉसफेटच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) जाड पट्ट्या यांना ३.२ किंवा ४ मिलिमीटरचे तिरके.

नाव वाचायला शिका म्हणजे दुकानदारावर अवलंबून राहावे लागणार नाही. हाक्कोच्या पद्धतीत "९००एम-टी-२.४डी" म्हणजे ९००एम मालिका, २.४ मिलिमीटर, चपटे. "टी१२-डी२४" म्हणजे टी१२ मालिका, तेच २.४ चपटे, फक्त दशांशचिन्ह गाळलेले. "टी१२-बीसी२" म्हणजे २ मिलिमीटर तिरके. इतर उत्पादकही बहुधा हीच अक्षरे वापरतात.

दोनच बिटे घ्यायची असतील तर २.४ चपटे आणि ३ ते ४ मिलिमीटरचे तिरके. तिसरे घ्यायचे तर मोबाइलचे काम करणाऱ्याने १.६ चपटे किंवा सुरी घ्यावी, बाकीच्यांनी २.४ चेच आणखी एक घेऊन ठेवावे, कारण तेच आधी झिजणार.

सावध: लांब, पातळ मानेची बिटे पोहोचायला सोयीची वाटतात, पण त्या मानेतून उष्णता हळू येते. आकार एकच असेल तर आखूड घ्या.

## टप्पा ५: दुकानात तपासा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या, मडगावात घ्या की ऑनलाइन मागवा, हातात आल्यावर तीन गोष्टी पाहा.

टोकाला चुंबक लावा. अजिबात ओढले नाही तर वर लोखंडाचा थर नाही, ते उघडे तांबे आहे. असे बिट पहिल्या दिवशी झकास चालते आणि काही दिवसांत टोकाला खळगा पडतो. उलट, चुंबक चिकटले म्हणून बिट चांगलेच, असेही नाही. स्वस्तातल्या काही बिटांच्या पोटातही लोखंडच असते. मी एकदा दहा बिटांचे स्वस्त पाकीट घेतले होते. चुंबक सगळ्यांना घट्ट चिकटत होते. एक कानशीने चिरून पाहिले, आत तांब्याचा लाल रंग कुठेच नव्हता. म्हणून पाकीट घेण्याआधी एकच बिट घ्या आणि सातव्या टप्प्यातली परीक्षा करा.

टोकाचे चंदेरी तोंड अखंड आहे का पाहा. टाचणीच्या टोकाएवढे भोक असेल तरी सोल्डर आत शिरून तांबे खाते.

शेवटी बिट आपल्या आयर्नवर बसवून पाहा. पोकळ बिट तापकावर हलकेच सरकले पाहिजे, खडखडता कामा नये.

## टप्पा ६: पहिली कल्हई

भांड्याला कल्हई लावताना कल्हईवाला भांडे आधी लालबुंद करून मग कथील शोधत बसत नाही. इथेही तेच. नवे बिट ३५० ला तापवून मग सोल्डर लावायला गेलात, तर मधल्या वेळात तोंड काळवंडते.

१. स्टेशन २०० ते २२० अंशांवर लावा.
२. तापत असतानाच सोल्डरची तार तोंडाला टेकवून धरा. ज्या क्षणी वितळेल त्या क्षणी पूर्ण तोंडभर पसरू द्या.
३. तापमान ३२० करा, पितळी जाळीत एकदा पुसा, लगेच पुन्हा सोल्डर लावा.
४. हे तीनदा करा.

साध्या पेन्सिलला आकडे नसतात, म्हणून प्लग लावल्यापासून तार टेकवूनच बसा.

तपासणी: तोंड सगळीकडून आरशासारखे ओले दिसले पाहिजे. कुठे सोल्डर गोळा होऊन मागे सरकत असेल तर तिथे पुन्हा फ्लक्स आणि सोल्डर.

## टप्पा ७: भंगार बोर्डावर परीक्षा

आयर्नचा प्लग सॉकेटमधून काढा. तीन पिनांचा असेल तर मल्टिमीटरने बिटाचे टोक आणि प्लगची अर्थची जाड पिन यांच्यामधला रोध मोजा. दोनेक ओहमच्या आत हवा. जास्त आला तर बिट सैल आहे किंवा मधे गंज आहे. मॉसफेट मरण्याचे हे एक लपलेले कारण. जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थिंग नसते, तेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

आता शिसेयुक्त सोल्डरसाठी ३३० वर लावा. शिसेविरहित असेल तर ३६०. त्यातले नेहमीचे एसएसी३०५ साधारण २१७ ते २२० अंशांना वितळते आणि बिटाचे लोखंडही लवकर खाते. बिटावर सोल्डरचा अगदी छोटा थेंब घ्या, उष्णतेला तोच पूल होतो. सपाट बाजू पॅड आणि पिन दोघांना टेकवा. दाबू नका. एक सेकंद थांबून समोरच्या बाजूने तार द्या.

हलका डाग दोन-तीन सेकंदांत पसरला तर निवड बरोबर. जड डागाला चार-पाच सेकंद चालतील. त्याहून जास्त लागले तर तापमानाच्या बटणाला हात लावू नका, एक माप रुंद बिट लावा. रुंद बिटानेही तेच झाले, तर आधी तोंडावरची कल्हई तपासा, मग बिट सैल आहे का ते पाहा, आणि सर्वांत शेवटी दहा-वीस अंश वाढवा. सोल्डर झटक्यात पसरून फ्लक्स तडतडत काळे पडत असेल, तर तापमान खाली आणा.

सावध: धूर तोंडासमोरून बाजूला जाईल असा पंखा लावा. पावसामुळे खिडक्या बंद असतात तेव्हा तर हवाच. काम झाल्यावर चहाच्या कपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, शिसे बोटांवर राहते.

## टप्पा ८: पावसाळ्यातली निगा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या लोखंडाला एका रात्रीत तांबूस गंज धरतो, आणि बिटावर लोखंडच असते. काम संपले की शेवटचे पुसायचे नाही. तोंडावर सोल्डरचा जाड गोळा ठेवूनच आयर्न बंद करा. दुसऱ्या दिवशी तो गोळा जाळीत झटकून कामाला लागा. वापरात नसलेली बिटे अशीच सोल्डरसकट, घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा.

पुसायला पितळी जाळीच चांगली. स्पंज वापरणार असाल तर पिळून ओलसर ठेवा, पाणी गळणारा नको. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरले तर बिटावर क्षार बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर घ्या.

काळे पडलेले बिट कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. लोखंडाचा थर गेला की ते बिट संपले. कानस फक्त जुन्या, उघड्या तांब्याच्या बिटांसाठी. नवसागरही कल्हईवाल्याकडे राहू द्या, त्याचे अवशेष बोर्ड गंजवतात. तापमान २५० ते २८० वर आणा, जाळीत फिरवा, रोझिन फ्लक्स आणि भरपूर सोल्डर लावा, पुन्हा जाळी. पाच-सहा फेऱ्यांत बहुतेक बिटे परत ओली होतात.

९३६ धाटणीच्या स्टेशनवर महिन्यातून एकदा थंड असताना नट सोडून बिट काढा आणि आतली पूड झटकून टाका. ग्रीस किंवा तेल लावू नका. नट हाताने आवळा, पक्कड नको. जे बिट सोल्डर धरत नाही आणि ज्याच्या टोकाला खळगा दिसतो, ते त्याच दिवशी टाकून द्या. पेटीत ठेवलेत तर घाईच्या वेळी तेच हाताला लागते.